पार्श्वभूमी : ‘सायटोकाइन वादळ’ या शब्दाची वाट

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रातल्या घराघरांत सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर या रक्ततपासण्यांचे आकडे तोंडपाठ झाले होते. आकडा चढला की ‘स्टॉर्म सुरू झालं’, म्हणजे प्रतिकार पेशींचे निरोप नेणाऱ्या सायटोकाइन या प्रथिनांचे वादळ उठले, असे नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगत. विषाणूपेक्षा शरीराचा प्रतिकारच रुग्णाला मारतो, ही समजूत तेव्हा पक्की झाली. ती चुकीची नव्हती, पण अर्धीच होती.

प्रतिकार उलटण्याची शंका जुनी आहे. १९१८ च्या साथीत धडधाकट तरुण मोठ्या संख्येने गेले, तेव्हापासून ती आहे. त्यातले बरेच मृत्यू पाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, हे पुढे दिसले. डेंग्यूची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. डेंग्यूच्या विषाणूच्या एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात, म्हणून दुसरा डेंग्यू अधिक घातक ठरू शकतो. फिलिपिन्समध्ये ८ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिल्यावर २०१७ च्या अखेरीस मोहीम थांबवावी लागली, ती याच कारणाने : ज्यांना आधी डेंग्यू झाला नव्हता, त्यांच्यात लसच पहिल्या संसर्गासारखी वागत होती.

‘सायटोकाइन वादळ’ हा शब्द मात्र विषाणूंच्या अभ्यासातून आलेला नाही. १९९३ मध्ये तो छापला गेला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या संदर्भात, दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात त्या स्थितीसाठी. बर्ड फ्लूच्या काळात तो विषाणूंना चिकटला. २००६ मध्ये लंडनमध्ये एका नव्या औषधाच्या चाचणीत ६ निरोगी स्वयंसेवकांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले, तेव्हा तो वर्तमानपत्रांत पोहोचला. या शब्दाची सर्वमान्य व्याख्या त्यानंतरही झाली नाही. कोणता सायटोकाइन किती वाढला म्हणजे वादळ, यावर एकमत नव्हते. कोविडच्या गंभीर रुग्णांतली आयएल-6 या सायटोकाइनची पातळी मोजली, तर कर्करोगावरच्या पेशी-उपचारांनंतर उसळणाऱ्या पातळीपेक्षा ती कितीतरी पटींनी कमी भरली. तरी शब्द तोच राहिला.

शब्दाचा परिणाम उपचारांवर झाला, आणि इथे थांबून बघायला हवे. वादळ म्हटले की ते उठण्याआधीच शमवावे असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात अनेक गंभीर रुग्णांची अडचण नेमकी उलटी होती : विषाणूला सुरुवातीलाच रोखणारे इंटरफेरॉन उशिरा किंवा अपुरे तयार होत होते. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिवावर बेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. म्हणजे बिघाड होता, पण तो अतिरेकाचा नव्हता, उणिवेचा होता. अशा वेळी प्रतिकार आणखी दाबणे म्हणजे विषाणूला मोकळे रान देणे.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल आला तोही हेच सांगत होता. प्रतिकार दाबणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांतले सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काहीच फायदा झाला नाही. अपायाची शक्यताही फेटाळता आली नाही. माझ्या मते त्या वर्षातले सर्वांत मोलाचे वाक्य हे शेवटचे होते, आणि सर्वांत कमी वाचले गेलेही तेच.

पुढच्या वर्षी आपल्याकडे स्टेरॉइडच्या गोळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरी, ऑक्सिजन ९७ असताना सुरू झाल्या. चिठ्ठ्या एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात फिरल्या. आयएल-6 अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसाठी लोक दारोदार हिंडले. ठरावीक गंभीर रुग्णांना त्याचा उपयोग होतो हे तोवर दिसले होते, पण मागणी त्यांच्यापुरती राहिली नाही. मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाचे वॉर्ड भरले. अनियंत्रित मधुमेह हे त्याचे मोठे कारण होतेच, स्टेरॉइडने साखर आणखी चढवली आणि बुरशीला रोखणाऱ्या पेशी मंदावल्या. कित्येकांचे डोळे, वरचे जबडे काढावे लागले.

जानेवारी २०२२ मध्ये, तिसऱ्या लाटेत, केंद्राच्या सुधारित उपचार-सूचनांत ताकीद आली : स्टेरॉइड फार लवकर, जास्त मात्रेत किंवा गरजेपेक्षा अधिक दिवस दिल्यास म्युकरमायकोसिससारख्या संसर्गाचा धोका संभवतो.