तिरके ठळक अक्षर

तिरके ठळक अक्षर : (फलकलेखन). जवळपास एकाच जाडीच्या रेषांचे, उजवीकडे कललेले जाड देवनागरी वळण. खान्देशात दुकानांच्या पाट्या, केळीचे ट्रक, यात्रांचे फलक आणि शुभेच्छांचे फ्लेक्स यांवर ते सर्रास दिसते.

रोमन लिपीत तिरकेपणा आणि सेरिफविरहितता (सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेषेच्या टोकाशी असणारी छोटी आडवी रेघ) हे दोन वेगळे प्रवाह आहेत. तिरके ठसे फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरले. मुद्रक आल्दुस मानुत्सिउस याने व्हेनिसमध्ये १५०१ साली त्यांत व्हर्जिलचे काव्य छापले. सेरिफविरहित ठसा १८१६ च्या सुमारास लंडनमध्ये ठसेकार चौथ्या विल्यम कॅझलनच्या नमुन्यांत आढळतो. देवनागरीला मुळात सेरिफ नाही. तेव्हा ‘सेरिफविरहित’ ही संज्ञा येथे ‘बोरूच्या जाड-बारीक फरकाविना’ एवढ्याच अर्थाने घ्यावी.

देवनागरीतील कल मोडीतून आला असे एक मत आहे. परंतु मोडीचा कल हात न उचलता लिहिण्याच्या ओघातून येतो. पाटीवरच्या अक्षराचा सांगाडा मात्र उभ्या बाळबोधाचाच असून तो नुसता रेललेला असतो. त्यामुळे रोमन पाट्यांच्या अनुकरणाचे मत अधिक पटते. शिशाच्या खिळ्यांत कललेली मात्रा खिळ्याबाहेर डोकावते व तुटते. म्हणून हे वळण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापेक्षा पेंटरच्या कुंचल्याने अधिक पसरवले असावे.

शिरोरेषा आडवी, काना तिरका हे यातले मर्म. १२ अंशांच्या कलाने ३० सेंमी उंच अक्षराचा माथा सुमारे ६.४ सेंमी उजवीकडे सरकतो. भिंतीवर आधी दोरी मारून शिरोरेषेची व पायाची अशा दोन रेघा उमटवतात. ३० सेंमी उंच व ६.४ सेंमी पायाचा पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण खालच्या रेघेवर सरकवत प्रत्येक काना आखतात. वेलांटी व रफार त्याच कलाने आणखी उजवीकडे, उकार डावीकडे जातो. हे विसरले की उकार शेजारच्या अक्षराचा वाटतो. संगणकावर स्क्यूऐवजी (पाया व माथा आडवा ठेवून अक्षर बाजूला कलवणे) अक्षर फिरवले तर शिरोरेषाच चढते. नुसत्या स्क्यूनेही ‘ठ’, ‘छ’ यांची गोलाई उजवीकडे वर व डावीकडे खाली फुगते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक होते. ती नोड (अक्षराच्या कडेवरचे नियंत्रणबिंदू) धरून हाताने सुधारावी लागते.

जाडी बेताबाहेर वाढली की ‘ब’ व ‘ष’ यांच्या पोटातली रेघ बुजते आणि ‘ब’ चा ‘व’, ‘ष’ चा ‘प’ होतो. ‘ख’ चे दोन भाग पायाशी जोडले नाहीत, तर ‘खान्देश’ चे ‘रवान्देश’ वाचले जाते. या नावापुरती तरी ही जोड सोडू नये. अहिराणी फलकांवर ‘मन्हा’, ‘तुन्हा’ हे शब्द वारंवार येतात. त्यांतला अर्धा ‘न’ थोडा सडपातळ ठेवला तरच ‘ह’ मोकळा राहतो. बऱ्हाणपूरलगतच्या रावेर भागात हिंदी वळणाचा ‘ल’ मिसळलेला आढळतो. मराठी पाटीवर पाकळीचा ‘ल’ हवा.

अक्षराची बाह्यरेषा आतल्या रंगाच्या भरावामागे ठेवावी, नाहीतर ती पोकळ्या खाते. छपाईला देताना अक्षरे ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे मजकुराचे नुसत्या आकारांत रूपांतर करतात, कारण जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचा मजकूर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसेल तर विस्कटतो. पण कर्व्ह केलेला शब्द पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही; शुद्धलेखन आधीच तपासावे.

चुन्याच्या भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर इनॅमल (चकचकीत तेलरंग) पोपड्यांसह निघते. अशी भिंत आधी घासून, अस्तर देऊन घेतात. मे महिन्याच्या उन्हात रंग कुंचल्यावरच ओढू लागतो व कडा फाटतात, म्हणून लांब कान्यांचे काम सकाळी उरकतात.