कृष्णकमळ: बिया मागताय की कटिंग?

"लेडी मार्गारेटच्या बिया मिळतील का?" दुर्मिळ कृष्णकमळं जमवणाऱ्यांमध्ये हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. मिळणार नाहीत. कुणी दिल्याच, तर त्यातून लेडी मार्गारेट ही संकरित वेल उगवणार नाही.

बियांपासून रोप कसं करतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. गर धुवा, बिया ताज्या असतानाच पेरा आणि उगवण लांबली तर कुंडी उकरू नका. कटिंगला, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून केलेल्या रोपाला, फुलं लवकर येतात, बियांच्या वेलीला उशिरा. पाठवायला बिया सोप्या, कटिंग वाटेत कुजतं. हे फरक खरे असले तरी त्यांच्यावरून कुणाचा घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो नावाचा. कटिंग म्हणजे तीच वेल, फक्त दुसऱ्या कुंडीत. बियांतून मात्र नवीन वेल येते. पॅसिफ्लोरा हे कृष्णकमळाचं शास्त्रीय नाव; लेडी मार्गारेट हा पॅसिफ्लोरा कॉक्सिनिया आणि पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या दोन प्रजातींचा संकर. इन्सेन्स हा इन्कार्नाटा आणि सिन्सिनाटा यांचा. ही नावं निवडलेल्या एकेका वेलीची आणि तिच्या फांद्यांपासून वाढवलेल्या रोपांची. तिच्या बियांची रोपं सख्ख्या भावंडांसारखी निघतात: एकाला आजीचा रंग, दुसऱ्याला आजोबांची पानं. त्यातलं एखादं देखणं निघालं तर आनंद आहे, त्याला नवं नाव द्या. जुनं नाव चिकटवू नका.

मूळ प्रजातीचं तसं नाही. तिचं नाव बियांसोबत जातं, पण बाप, म्हणजे पराग देणारी वेल, त्याच प्रजातीचा असेल तरच. आणि नेमकी इथेच जाणती माणसंही घसरतात. पॅसिफ्लोरा अलाटा किंवा पिवळं पॅशनफ्रूट यांसारख्या कितीतरी वेली स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत. (जांभळं पॅशनफ्रूट सहसा स्वीकारतं, म्हणून त्याच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका.) मित्राकडून आणलेल्या एकाच वेलीच्या दोन कटिंग शेजारी लावून "आता जोडी झाली" असं समजणारे खूप आहेत. कुंड्या दोन असल्या तरी वेल एकच. फूल आपलेच पराग ओळखतं आणि नाकारतं.

मग फळ धरत नाही म्हणून शेजारच्या सेरुलिआ या दुसऱ्या प्रजातीचे पराग लावले जातात, किंवा भुंगा ते काम परस्पर उरकतो. फळ धरतं, बिया निघतात आणि पाकिटावर लिहिलं जातं: अलाटा. आत असतो अलाटा आणि सेरुलिआचा संकर. याच जोडीतून पूर्वी बेलोटी हा संकर मुद्दाम तयार केला गेला होता. इथे तो न सांगता वाटला जातो. ते पाकीट चार हातांतून फिरलं की खरी अलाटा कोणती हे सांगायला कुणी उरत नाही.

त्यामुळे दुर्मिळ प्रजाती फक्त कटिंगने वाटत राहणं मला पटत नाही. सगळ्यांकडे एकच वेल असेल तर शुद्ध बी कुणालाच मिळणार नाही. शिवाय त्या वेलीत विषाणू असला तर तोही प्रत्येक कटिंगबरोबर घरोघर जातो. पानांवर पिवळट ठिपके आणि सुरकुत्या असलेल्या वेलीचं कटिंग फुकट मिळालं तरी मी घेत नाही. प्रजाती हवी असेल तर वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन वेली मिळवा, कळी उमलण्याआधीच पिशवीने झाका, एकीचे पराग दुसरीला हाताने लावा आणि फूल मिटेपर्यंत पिशवी काढू नका. नाव असलेला संकर हवा असेल तर कटिंगच मागा.

पाकिटावर आई आणि बाप दोघांची नावं लिहा. बाप माहीत नसेल तर "मोकळं परागीकरण" एवढं तरी लिहा. हे दोन शब्द टाळणाऱ्याकडून मी दुसऱ्यांदा बिया घेत नाही, मग तो कितीही मोठा संग्राहक असो.