काठी कशाने मोडली? ओमाहा भाषेतील क्रियापदांची घडण

ज्या भाषेला लिपी नाही तिला व्याकरणही नसते, तिच्यात फार तर शे-दोनशे शब्द असतात आणि तेही पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून उचललेले असतात, ही समजूत आपल्याकडे गोंडी, कोरकू किंवा वारली यांच्याविषयी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. अमेरिकेतील मूलनिवासींच्या भाषांविषयीही ती दीर्घकाळ रुजलेली होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक मूलनिवासी भाषांसाठी जाहीर केल्यापासून या भाषांबद्दल सहानुभूतीने पुष्कळ लिहिले जाते खरे. परंतु त्या लिखाणातून अमुक भाषा लोप पावत आहे एवढेच समजते, ती चालते कशी हे क्वचितच समजते. म्हणून येथे अशा एकाच भाषेतील एकच यंत्रणा जरा जवळून पाहू.

नेब्रास्का राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, मिसुरी नदीच्या काठी, मेसी आणि वॉल्टहिल या गावांच्या परिसरात ओमाहा लोकांची राखीव भूमी आहे. त्यांची भाषा सूअन कुळातील असून पोंका लोकांची भाषा आणि ती जवळजवळ एकच आहे. ओसेज आणि कॉ या तिच्या सख्ख्या बहिणी, तर लाकोटा ही जरा दूरची. मराठी वाचकाला हे लोक अगदीच अनोळखी वाटू नयेत असा एक धागाही आहे. फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्याच महाविद्यालयात त्याच वर्षी ओमाहा जमातीच्या सुझॅन ला फ्लेश दाखल झाल्या आणि १८८९ मध्ये अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रियांपैकी पहिल्या डॉक्टर झाल्या.

आता मूळ विषय. मराठीत आपण काठी मोडतो, नारळ फोडतो, कापड फाडतो आणि दोरी तोडतो. वस्तूचे काय झाले याबाबत आपली क्रियापदे चोखंदळ आहेत. मात्र ते कशाने झाले हे सांगायचे असेल तर ‘हाताने’, ‘दाताने’, ‘पाय देऊन’ असे वेगळे शब्द जोडावे लागतात, आणि नाही जोडले तरी वाक्य पुरे होते. ओमाहात वाक्याचा क्रम मराठीसारखाच, म्हणजे क्रियापद शेवटी. पण मोडण्याचे साधन क्रियापदाच्या पोटातच बसवलेले असते.

काठीसारखी लांब वस्तू मोडणे या अर्थाचा ‘ख़ोँ’ हा धातू घ्या. (‘ख़’ हा घशात घासून येणारा, उर्दूतील ‘ख़बर’मधला ध्वनी, शेवटचा स्वर नाकातला.) नुसता ‘ख़ोँ’ घेऊन बोलता येत नाही, त्याला पुढे उपसर्ग हवा. ‘दिख़ोँ’ म्हणजे हाताने मोडणे. ‘दाख़ोँ’ म्हणजे दाताने मोडणे. ‘नोँख़ोँ’ म्हणजे पायाखाली मोडणे, ‘बिख़ोँ’ म्हणजे वरून दाब देऊन, उदाहरणार्थ वर बसल्यामुळे, मोडणे, ‘बाख़ोँ’ म्हणजे ढकलून मोडणे. ‘माख़ोँ’मध्ये सुरी किंवा पाते आले आणि ‘मूख़ोँ’मध्ये बाण किंवा बंदुकीची गोळी आली. ज्याला मी ‘द’ लिहितो आहे तो ध्वनी प्रत्यक्षात ‘द’ आणि ‘ल’ यांच्या सीमेवरचा आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, त्यामुळे वाचकाने तेवढी सवलत द्यावी.

यांतला माझा आवडता उपसर्ग ‘गा’. त्याचा पहिला अर्थ प्रहार करून, म्हणजे काठीने किंवा कुऱ्हाडीने हाणून. पण वाऱ्याने फांदी मोडली, पाण्याच्या लोंढ्याने काही वाहून गेले, उंचावरून पडून एखादी वस्तू फुटली, तरी तेथेही ‘गा’च येतो. कर्ता माणूस आहे की वारा, याच्याशी या उपसर्गाला कर्तव्य नाही. शक्ती एकाएकी आणि झटक्याने येऊन आदळली की नाही, एवढेच तो पाहतो. दाब हळूहळू वाढत गेला असेल तर ‘बि’, एकदम बसला असेल तर ‘गा’. शाळेतल्या पदार्थविज्ञानात दाब आणि आघात यांत आपण जो फरक शिकतो, तो येथे बोलता बोलता व्याकरणाने करून ठेवलेला आहे.

संस्कृतचे उपसर्ग आपण शाळेत प्रहार, आहार, संहार, विहार या माळेतून शिकलो. तेथे धातू एकच असला तरी ‘वि’ लागल्याने फिरणे आणि ‘आ’ लागल्याने खाणे का होते, हे पाठच करावे लागते. ओमाहाचे उपसर्ग पुष्कळ अधिक नियमित आहेत. ‘से’ हा तुकडा वेगळा करण्याचा धातू. त्यावरून ‘मासे’ म्हणजे सुरीने कापणे, ‘गासे’ म्हणजे कुऱ्हाडीने तोडणे आणि ‘दासे’ म्हणजे दाताने तोडणे. ‘स्नू’ हा सरकण्याचा धातू. ‘दिस्नू’ म्हणजे ओढत नेणे आणि ‘बास्नू’ म्हणजे ढकलत नेणे. तसाच ‘ना’ हा उष्णतेचा उपसर्ग: जळून, तापून किंवा वाळून जे जे घडते त्याला तो लागतो. पायाचा ‘नोँ’ आणि उष्णतेचा ‘ना’ शेजारी ठेवले की नाकातला स्वर किती काळजीपूर्वक उच्चारावा लागत असेल, हे ध्यानात येते.

येथून पुढचा भाग जरा किचकट आहे, पण खरी गंमत त्यातच आहे. हे सगळे उपसर्ग एका जातीचे नाहीत. ‘मी हाताने मोडली’ असे म्हणायचे तर ‘मी’चे चिन्ह उपसर्गाच्या आधी येते आणि ‘ब्दिख़ोँ’ असे रूप होते. दातासाठी त्याच रीतीने ‘ब्दाख़ोँ’. याउलट ‘मी सुरीने मोडली’ असे म्हणताना ‘मी’चे चिन्ह उपसर्गानंतर घुसते: ‘मा-आ-ख़ोँ’. ‘तू’साठी ‘मा-दा-ख़ोँ’, आणि हा ‘दा’ दाताचा नव्हे, ‘तू’चा. पाते, गोळी आणि उष्णता हे तीन उपसर्ग बाहेरचे. हात, तोंड, पाय, दाब, ढकलणे आणि आघात हे आतले. जे बाहेर राहिले ते एके काळी स्वतंत्र शब्द असावेत आणि धातूला उशिरा चिकटले असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. लाकोटातही सुरीचा ‘वा’ आणि गोळीचा ‘वो’ हे ‘मी’, ‘तू’ यांच्या चिन्हांना आपल्यामागे ठेवतात. ओमाहाच्या ‘मा’ आणि ‘मू’ यांचीच ही लाकोटा रूपे.

आवाजाची क्रियापदे याच साच्यात बसतात. प्राण्याच्या हाकेसाठी ओमाहात ‘हूतोँ’ हे क्रियापद आहे, त्यातला ‘हू’ म्हणजे आवाज. वस्तूंच्या आवाजांचे उदाहरण लाकोटातून घेतो, कारण ते स्वच्छ आहे: ‘स्ना’ हा किणकिणण्याचा धातू, ‘कास्ना’ म्हणजे आघाताने तो आवाज काढणे, ‘युस्ना’ म्हणजे हाताने काढणे आणि धातूची द्विरुक्ती करून ‘स्नास्ना’ म्हणजे किणकिण चालू राहणे. खणखण, सळसळ, तडतड या द्विरुक्त शब्दांवर वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. मात्र ‘खणखणणे’ या क्रियापदातून नाणे बोटाने वाजवले की ते फरशीवर पडले, हे आपल्याला कळत नाही.

सूअन भाषांत ध्वनी आणि अर्थ यांचे आणखी एक नाते दिसते. लाकोटात ‘ज़ी’ म्हणजे पिवळा, ‘झी’ म्हणजे तांबूस-पिवळट आणि घशातल्या घर्षणाचा ‘ग़ी’ म्हणजे तपकिरी. व्यंजन तोंडात जसे मागे सरकते तसा रंग गडद होतो. अशी उदाहरणे पाहून प्रत्येक अक्षरात मूळचीच काही कंपनशक्ती असते, बीजाक्षरांचा अर्थ विश्वाने ठरवला आहे वगैरे सांगणारे लोक लगेच पुढे सरसावतात. त्यांनी हाताचाच उपसर्ग पाहावा. ओमाहाचा ‘दि’ आणि लाकोटाचा ‘यु’ हे एकाच प्राचीन उपसर्गाचे वंशज आहेत; व्यंजन वेगळे, स्वर वेगळा, दोघांत सामाईक असा ध्वनी उरला नाही, आणि अर्थ मात्र जागच्या जागी राहिला.

हे सारे नोंदवण्याचे मोठे काम जेम्स ओवेन डॉर्सी यांनी केले. ते १८७१ मध्ये पोंका लोकांत धर्मप्रचारक म्हणून गेले आणि पुढे भाषेतच रमले. सुझॅन यांचे सावत्र भाऊ फ्रान्सिस ला फ्लेश यांची त्यांना मदत झाली. पुढे फ्रान्सिस स्वतःच मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. १८९० मध्ये डॉर्सींचा कथा व पत्रांचा जाडजूड संग्रह छापून निघाला, पण १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि शब्दकोश हजारो चिठ्ठ्यांच्या रूपात स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातच राहिला. नेब्रास्का विद्यापीठात त्या चिठ्ठ्यांवरून संगणकीय कोश करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि त्याचा लाभ नेमका या क्रियापदांना होतो. ‘बाख़ोँ’, ‘दिख़ोँ’ आणि ‘मूख़ोँ’ हे शब्द अक्षरानुक्रमाने लावले तर एकाच धातूची भावंडे कोशाच्या निरनिराळ्या टोकांना जाऊन बसतात. संगणकावर ‘ख़ोँ’ शोधला की ती सगळी एका पडद्यावर येतात.