मोझार्टच्या संध्याकाळी

अठराव्या शतकातला संगीतकार मोझार्ट आज असता तर रिकाम्या वेळात कुठे सापडला असता, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: ऑपेरात, मैफलीत, नाहीतर स्टुडिओत. पण ही सगळी त्याच्या कामाची ठिकाणं झाली. त्याच्या फुरसतीबद्दल नुसत्या कल्पना लढवायचीही गरज नाही. त्याची पत्रं शिल्लक आहेत आणि तो गेल्यावर घरातल्या चीजवस्तूंची अधिकृत यादी झाली, तीही आहे.

५ डिसेंबर १७९१ रोजी व्हिएन्नातल्या राउहेनश्टाइनगासे या गल्लीत तो वारला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. यादीत पियानो आहेच. पण त्याबरोबर हिरव्या कापडाचं बिलियर्ड टेबल, पाच चेंडू आणि बारा क्यूही (खेळायच्या काठ्या) आहेत. शेवटच्या वर्षांत मित्राकडे उसने पैसे मागणारी पत्रं लिहिणाऱ्या माणसाने घरात बिलियर्ड मांडलेलं होतं! आणि बारा क्यू कुणी एकट्यासाठी ठेवत नाही. त्याच्या 'फिगारो' या ऑपेराच्या १७८६ मधल्या पहिल्या प्रयोगात गायलेल्या मायकल केली या आयरिश गायकाने आठवणींत लिहून ठेवलंय, की मोझार्टला बिलियर्डचं वेड होतं, आपण त्याच्याशी पुष्कळ डाव खेळलो आणि दर वेळी हरलो. तेव्हा व्हिएन्नाच्या कॉफीगृहांतही बिलियर्डची टेबलं असत. आता त्या घराच्या जागी मोठं डिपार्टमेंट स्टोअर उभं आहे.

खेळाची ही हौस लहानपणापासूनची. साल्झबर्गला मोझार्ट मंडळींकडे हवेच्या बंदुकीने नेमबाजी चाले. निशाणाच्या फळ्यांवर एकमेकांची टिंगल करणारी चित्रं रंगवलेली असत. कडक शिस्तीचे म्हणून ओळखले जाणारे लिओपोल्ड मोझार्ट, म्हणजे वडील, त्यातही सामील असत.

पण साल्झबर्गमधली फुरसत आणि व्हिएन्नातली फुरसत यांत मोठा फरक आहे. साल्झबर्गचा आर्चबिशप त्याचा मालक होता. त्याच्याबरोबर व्हिएन्नाला आल्यावर मोझार्टची जेवायची जागा खासगी सेवकांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. १७८१ मध्ये भांडून तो या नोकरीतून बाहेर पडला आणि पहिल्यांदाच त्याचा वेळ त्याचा झाला. त्याने काय केलं त्या वेळाचं? १७८२ च्या फेब्रुवारीत बहिणीला त्याने दिनक्रम कळवलाय. सकाळी सहाला केस विंचरून तयार, सातपर्यंत कपडे करून नऊपर्यंत संगीतलेखन, मग एकपर्यंत शिकवण्या. जेवण उशिरा, संध्याकाळी पाच-सहाच्या आत पुन्हा लिहायला बसता येत नाही, आणि मैफल असली तर तेही नाही. रात्री कॉन्स्टान्झकडे (ही त्याची पुढे झालेली बायको; तेव्हा लग्न व्हायचं होतं). परतल्यावर एकपर्यंत पुन्हा लेखन, सहाला पुन्हा उठणं. यात रिकामा वेळ शोधून दाखवावा! मला वाटतं, त्याची फुरसत कुठे होती यापेक्षा ती कशात मिसळलेली होती हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

ती जिथे मिसळली, त्यांतली काही ठिकाणं तेव्हा नवीकोरी होती. प्राटर म्हणजे राजघराण्याचं शिकारीचं रान. सम्राट दुसऱ्या जोसेफने ते १७६६ मध्ये सर्वांना खुलं केलं. १७७५ मध्ये आउगार्टन ही शाही बागही उघडली, आणि तिच्या दारावर हे सर्व माणसांसाठी करमणुकीचं ठिकाण आहे असं कोरून ठेवलं. मोझार्ट तिथला हौशी गिऱ्हाईक होता. १७८२ च्या उन्हाळ्यात आउगार्टनमध्ये त्याच्या मैफली झाल्या. १७८३ च्या मे महिन्यात त्याने वडिलांना प्राटरमधूनच पत्र पाठवलंय: हवा इतकी छान आहे की शहरात परतावंसं वाटत नाही, बाहेरच जेवलो, सोबत दिवस गेलेली बायको.

नाचाचं तर विचारूच नका. १७८३ च्या जानेवारीत नवरा-बायकोंनी घरीच नाचाची मेजवानी ठेवली. संध्याकाळी सहाला सुरू होऊन सातला संपली, असं त्याने वडिलांना लिहिलं आणि लगेच खुलासा केला: सकाळच्या सात! त्याच वर्षी कार्निव्हलमध्ये स्वतः रचलेल्या मूकनाट्यात तो हार्लेक्विन हा विदूषक झाला. १७८६ च्या मुखवट्यांच्या नाचाला तर तो भारतीय तत्त्वज्ञाचा वेष करून गेला आणि कोडी व सुभाषितं छापलेले कागद वाटत फिरला. ती मात्र प्राचीन इराणच्या झरतुष्ट्राच्या नावावर खपवलेली. तेव्हाच्या युरोपला पूर्वेकडचा कुणीही चालत असे. पुढे १७८७ मध्ये दरबारात नेमणूक मिळाली ती मुख्यतः याच नाचांसाठी संगीत पुरवायला, वर्षाला ८०० गुल्डनवर. छंद नोकरीच्या वळणावर कसा गेला पाहा.

त्याच्या पियानो, क्लॅरिनेट आणि व्हायोला यांच्या त्रयीला 'केगेलश्टाट' म्हणतात, म्हणजे चेंडूने नऊ खुंट पाडायच्या खेळाची जागा. तो खेळता खेळता ही त्रयी सुचली असं सांगतात. ते नाव मोझार्टचं नाही. पण काही दिवस आधीच्या, हॉर्नसाठी लिहिलेल्या छोट्या द्वयींच्या हस्तलिखितावर त्याच्याच अक्षरात टीप आहे: व्हिएन्ना, २७ जुलै १७८६, खुंट पाडता पाडता.

मग आजची जागा कोणती? माझं मत, मागच्या बाजूला बिलियर्डची टेबलं असलेलं, रात्री उशिरापर्यंत उघडं आणि चार टवाळ मित्र जमणारं कॉफीगृह. शेजारी नाचायची सोय असली तर उत्तम. गर्दी हवीच, हे मात्र नक्की. पुरावा त्याच्या शेवटच्या ऑक्टोबरमधला आहे. कॉन्स्टान्झ प्रकृतीसाठी व्हिएन्नाजवळच्या बाडनला गेली होती आणि हा घरी एकटा. तू निघाल्यावर श्रीयुत मोझार्टांबरोबर बिलियर्डचे दोन डाव खेळलो, असं त्याने तिला कळवलं; म्हणजे खेळला स्वतःशीच. हे श्रीयुत म्हणजे नाट्यव्यवस्थापक शिकानेडरच्या नाट्यगृहातल्या ऑपेराचे कर्ते, अशी ओळखही करून दिली. मग आपलं तट्टू चौदा डुकाटना विकलं, काळी कॉफी मागवली, चिलीम ओढली, आणि क्लॅरिनेटवादक श्टाडलरसाठी चाललेल्या क्लॅरिनेट कंचेर्तोच्या शेवटच्या भागाचं वाद्यवृंदलेखन जवळजवळ पूर्ण केलं.