घोड्याची थंडीची झूल आणि रेडियम पट्ट्या : घरी शिवणाऱ्या ग्राहकांसाठी

पाचगणीचे टेबललँड आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव इथले घोडेवाले आमच्याकडून कापड नेतात आणि झूल घरच्या मशीनवर शिवतात. साताऱ्याला पुन्हा खेप पडू नये म्हणून हे पत्रक कापडासोबत देत आहोत.

कापड
वेण्णाकाठी दव गोठते त्या दिवसांत घोड्याला गारठ्यापेक्षा वारा जास्त बाधतो. फ्लीस ऊब धरते, पण वारा अडवत नाही. म्हणून आत २०० ते २५० जीएसएमचे (एका चौरस मीटरचे वजन, ग्रॅममध्ये) फ्लीस आणि बाहेर दाट विणीचे नायलॉन टॅफेटा असे दोन थर घ्या. रेक्झिन लावू नका. त्यातून घाम बाहेर जात नाही. चढ चढून आलेला घोडा आतून भिजतो आणि उभा राहिला की थंडावतो.

खोगिराच्या पुढच्या काठापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्या. ठेंगण्या देशी घोड्याला ते साधारण ११० सेंमी भरते. ६० इंच पन्ह्याचे सव्वा मीटर फ्लीस आणि तेवढेच टॅफेटा पुरते. शिलाईची माया दीड सेंमी ठेवा.

बेतणे आणि शिवणे
झूल खोगिराखाली जाता कामा नये. दुमडलेले कापड किंवा शिलाई खोगिराखाली आली की घोड्याची पाठ लागते, आणि लागलेली पाठ बरी होईपर्यंत जनावर कामाचे राहत नाही. खोगिराच्या आकाराची खाच कापा, भोवती तीन बोटे मोकळी सोडा. खाचेचे कोपरे गोल ठेवा. काटकोनात कापले तर झूल पहिल्यांदा तिथेच फाटते. कण्यावर जोड देऊ नका.

घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या गोलसर भागावर, कापड सपाट बसत नाही. मागच्या काठाला, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमीवर, १२ सेंमी लांबीचा एकेक टक्स घ्या. तो नसला की मागे फुगा येतो आणि त्यात वारा शिरतो. काठाला गोट लावा. शेपटीखालून जाणारी दोरी फ्लीसच्या नळीत घाला आणि तिच्याखाली मूठ जाईल इतकी सैल ठेवा.

१६ नंबरची सुई आणि पॉलिस्टर दोरा वापरा. सुती दोरा घामाने कुजतो. फ्लीस ताणले जाते, म्हणून मशीनच्या दाबपायाचा दाब कमी करा आणि दोन्ही थरांना आधी धावदोरा घाला.

रेडियम पट्टी
गाडीवर चिकटवायचे रेडियम कापडावर टिकत नाही. शिवायची कापडी पट्टी घ्या, ५ सेंमी रुंद. काठापासून २ ते ३ मिमीवर, ३ मिमीचा टाका घाला. बारीक टाक्याने पट्टीला भोकांची रांग पडते आणि ती तिकिटासारखी फाटते. टाचण्यांऐवजी चिमटे लावा. पट्टीवर थेट इस्त्री फिरवू नका.

भडक नारिंगी कापड दिवसा आणि ढगाळ उजेडात उठून दिसते, अंधारात त्याचा उपयोग नाही. पट्टीचे उलटे आहे : ती हेडलाइटचा प्रकाश आल्या दिशेने परत पाठवते, म्हणून गाडीवाल्यालाच चमकताना दिसते. दोन्ही हवेत. पोपटी-पिवळा रंग पावसाळी हिरवाईत मिसळून जातो. घाटासाठी आम्ही नारिंगीच सुचवतो.

खाली वळवलेला हेडलाइट रस्त्यावर पडतो. त्यात घोड्याचे पाय आधी उजळतात, स्वाराची छाती नंतर. ताशी ४० किमीने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते, त्यामुळे तो थोडासा फरकही मोठा आहे. पट्ट्या कमीच असतील तर आधी पायांना लावा. हलणारी चमक लवकर लक्ष वेधते. गुडघा आणि घोटा यांच्या मधल्या नळीवर ८ सेंमी रुंद पायपट्टी बांधा आणि आत एक बोट जाईल इतकी सैल ठेवा. बंद वेल्क्रोचाच हवा, गाठ नको. पट्टी कुठे अडकली तर सुटून पडली पाहिजे.

स्वारासाठी
जॅकेटला मागे २५ सेंमी चीर द्या, नाहीतर ते खोगिरावर गोळा होते. लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून धरत असाल तर हातमोज्यात करंगळी वेगळी ठेवा आणि तिथली शिलाई बाहेरून घ्या. हेल्मेटखाली जाड टोपी घालू नका, हेल्मेट सैल होते. वरून कव्हर शिवा. मफलरची टोके जॅकेटच्या आत खोचा.

टॅफेटा सळसळते, घोडा बुजतो. पहिल्या दिवशी झूल घोड्याला हुंगू द्या, खांद्यावर घासा, मग खोगिरामागे टाकून हाताने धरून चालवा. तो शांत राहिला की मगच बसा.

धुताना कोमट पाणी आणि साधी पावडर वापरा. कपडे मऊ करणारे द्रव टाळा, त्याने पट्टीची चमक जाते. सावलीत वाळवा, कारण उन्हात नारिंगी रंग विटतो. चमक अंधारात टॉर्च डोळ्यांजवळ धरून तपासा. पट्टी करडी दिसली की बदला.