कार्बनच्या चेंडूला लावलेली शेपटी

‘भिंतीला रंग द्या आणि वीज मिळवा’ अशी बातमी अधूनमधून येतेच. हा रंग म्हणजे प्लॅस्टिकसारख्या सेंद्रिय पदार्थांचा सौरघट, प्रकाशातून वीज बनवणारा पातळ थर. कार्यक्षमतेचा विक्रम बहुतेक वेळा नखाएवढ्या तुकड्यावर मोजलेला असतो, हे तिच्यात नसतं. हा ‘रंग’ ज्यांच्यामुळे शक्य झाला, ते रसायनशास्त्रज्ञही नसतात. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले फ्रेड वुडल त्यांपैकी एक. सेंद्रिय रेणूंच्या क्षारांतून वीज वाहते, हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवणाऱ्यांत ते होते. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं १९९५ सालचं काम.

नेहमीच्या सौरघटातल्या सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी धन प्रभाराचं ‘विवर’ उरतं. खोलीच्या तापमानाची उष्णताही या दोघांना वेगळं करायला पुरते. प्लॅस्टिकसारख्या सेंद्रिय पदार्थात तसं होत नाही. प्रभारांमधली ओढ पदार्थ किती कमी करतो, हे सांगणारा आकडा म्हणजे विद्युत पारकांक. सिलिकॉनचा तो सुमारे १२, तर सेंद्रिय पदार्थांचा ३ ते ४. म्हणजे विरुद्ध प्रभारांमधली ओढ तिथे फारशी झाकली जात नाही. इलेक्ट्रॉन आणि विवर जोडीनेच फिरतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती फोडायला इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे ऊर्जेचं एकक) काही दशांश लागतात, उष्णता देते जेमतेम ०.०२५. शिवाय ही जोडी साधारण १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. प्रकाश नीट शोषायला मात्र थर १०० नॅनोमीटरच्या आसपास जाड हवा.

तेव्हा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा रेणू प्रत्येक जोडीच्या दहा नॅनोमीटरच्या आत हवा. १९९२ मध्ये सरिचिफ्त्ची, भौतिकशास्त्रज्ञ अॅलन हीगर, वुडल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ६० कार्बन अणूंचा चेंडू, म्हणजे फुलरिन, पॉलिमरकडून (प्लॅस्टिकच्या लांब साखळीसारख्या रेणूकडून) इलेक्ट्रॉन सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतक्या अल्प वेळात घेतो. अडचण एकच: फुलरिन द्रावकात फारसा विरघळत नाही, थर वाळताना त्याचे स्फटिक वेगळे होतात. १९९५ मध्ये वुडल आणि त्यांचे सहकारी हुमेलेन यांनी चेंडूला एस्टर या सेंद्रिय गटाची शेपटी जोडली आणि पीसीबीएम तयार झालं. ते पॉलिमरबरोबर विरघळतं, वाळल्यावरही त्यात बारीक मिसळून राहतं. त्याच वर्षी हीगर यांच्या गटाने या मिश्रणाचा सौरघट बनवला. पुढची वीसेक वर्षं या क्षेत्राचा मुख्य इलेक्ट्रॉन-ग्राही पीसीबीएमच होता.

त्याची उणीव म्हणजे तो स्वतः दृश्य प्रकाश फार कमी शोषतो. २०१९ मध्ये आलेला ‘वाय-६’ हा फुलरिन नसलेला रेणू अवरक्ताजवळचा प्रकाशही शोषतो, आणि त्याच्या घटाने १५.७ टक्क्यांची कार्यक्षमता गाठली. या कुळातल्या रेणूंवर आता बरंचसं काम चालतं ते बाजूच्या साखळ्यांवर, म्हणजे पुन्हा रेणूला जोडलेल्या शेपट्यांवरच: त्या किती लांब ठेवायच्या, फाटा कुठे फोडायचा.