नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस: आकडा एक, हिशेब दोन

ओबीसी आरक्षण, मंडल, केंद्रातले 27 टक्के हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2019 च्या 103व्या घटनादुरुस्तीने खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी, म्हणजे ईडब्ल्यूएससाठी, 10 टक्के आले. ओबीसींमधल्या पुढे गेलेल्यांना, म्हणजे क्रिमिलेअरला, आरक्षण मिळत नाही; उरलेले नॉन-क्रिमिलेअर. दोन्हीकडे वर्षाला 'आठ लाख' उत्पन्न ही मर्यादा, आणि सगळा घोळ तिथूनच. 'आईवडिलांचं मिळून आठच्या वर जातंय ना, मग तू क्रिमिलेअर' असं सर्रास सांगतात आणि पात्र मुलं अर्जच भरत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

समजा, वडील जिल्हा परिषदेत लिपिक, आई प्राथमिक शिक्षिका. दोघंही वर्ग तीन. पगार मिळून वर्षाला 14 लाख, शिवाय गावाकडे तीन एकर कोरडवाहू. कुटुंब ओबीसी असेल आणि दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर मुलगी नॉन-क्रिमिलेअर आहे. 1993 च्या केंद्रीय निकषांनुसार आठ लाखांच्या हिशेबात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरायचंच नाही. सरकारी नोकरदारांच्या मुलांचं पालकांच्या पदावरून ठरतं. मोजायचं ते भाडं, व्याज, धंदा यांचं, आणि तेही सलग तीन वर्षांचं. उलट, वडील थेट भरतीने वर्ग एक अधिकारी झालेले असतील, तर पगार किती हे कुणी विचारणारही नाही, मुलं क्रिमिलेअरच.

हेच लिपिक-शिक्षिकेचं घर खुल्या प्रवर्गातलं असतं, तर ईडब्ल्यूएस मिळालं नसतं. तिथे पगार, शेती, धंदा सगळं एकत्र धरतात, मागच्या एका आर्थिक वर्षाचं.

हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. मंडल प्रकरणात 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिमिलेअर वगळायला सांगितलं, ते मागास वर्गातल्या सामाजिकदृष्ट्या पुढे गेलेल्यांना. लिपिकाचा पगार वाढला म्हणून जातीमुळे आलेलं मागासपण जात नाही. नॉन-क्रिमिलेअर विचारतं, समाजात कुठवर पोचलात; ईडब्ल्यूएस विचारतं, घरात किती येतं.

म्हणून नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासाठी नुसता उत्पन्नाचा दाखला घेऊन सेतू केंद्रात जाऊ नका. त्यावरचा एकूण आकडा बघूनच फाइल परत येते. पालकांचं पद आणि वर्ग लिहिलेलं कार्यालयाचं पत्र जोडा आणि पगार वेगळा दाखवा.

बाकीचं किरकोळ. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला मालमत्तेचीही अट आहे: शेती पाच एकर किंवा जास्त, किंवा फ्लॅट 1000 चौरस फूट किंवा मोठा, की अपात्र. आणि क्रिमिलेअर ठरलेला ओबीसी ईडब्ल्यूएसमध्ये जाऊ शकत नाही. तो खुल्यातूनच स्पर्धा करतो.